आकृती बारा पाहा

कला हा शब्द आमच्या घरात दोनच प्रसंगी ऐकू यायचा. एक, कुणाची पोरगी पाहायला पाहुणे आले की. तेव्हा तिच्या अंगी काय काय कला आहे ते तिची आई सांगायची, आणि त्यात विणकाम, रांगोळी आणि पुरणपोळी एकाच दमात यायची. दुसरा प्रसंग दहावीच्या निकालाचा. ज्याला सायन्सला कुणी घेणार नाही आणि कॉमर्स ज्याच्या डोक्यात शिरणार नाही, तो कला शाखेला जायचा, आणि हे सांगताना घरच्यांचा आवाज खाली यायचा. या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, हे मला ढुमणे सरांनी सांगितलं. ते मारेगावच्या आमच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्या तिसऱ्या अर्थापायी पुढे जे झालं ते लिहायला बसले की आजही माझं अक्षर वाकडं जातं. घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा काही संबंध नाही, मला राग येतो. डॉक्टर म्हणतात, राग सोडा, बीपी वाढतं. बीपीची गोळी मी नेमाने घेते. रागाची गोळी निघाली तरी घेणार नाही, कारण माझ्याजवळ त्या दिवसांतलं तेवढंच शाबूत उरलं आहे.

आमचं घर वणीच्या रस्त्याला लागून होतं. कोळशाचे ट्रक दिवसभर जायचे आणि आईला दोरीवरचे कपडे झटकून झटकून घ्यावे लागायचे. दिवाळी झाली की समोरची मोठी खोली कापसाने भरायला लागायची. आधी कोपरा, मग अर्धी भिंत, मग छतापर्यंत. आम्हा पोरींची झोपायची जागा सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, आणि कापसातले बारीक किडे अंगाला डसून रात्रभर खाज सुटायची. तरी मला ती खोली आवडायची. कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसलं की बाहेरचा आवाज आत येत नसे, नुसता सरकीचा वास यायचा. आतून आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज तेवढा पोचायचा. मिरची, लसूण आणि जिऱ्याचा वास मागाहून. तुरीच्या शेंगा भरल्या की सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर व्हायची, आणि ताटावर बसलं की घरात एकटे काका बोलायचे. बाकीचे जेवायचे.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा वावरात रमणारे. कोणताही प्रश्न त्यांच्यापुढे नेला की म्हणायचे, ‘‘काकाले विचार.’’ कापूस विकायचा, बियाणं आणायचं, सोयरिकी जुळवायच्या, नागपूरची कामं करायची, सगळं काका. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य लिहिणं भाग आहे म्हणून लिहिते. सणाला घरातल्या सगळ्या पोरींना एकाच ताग्यातलं कापड आणायचे, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा वणीच्या दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी तेच जमिनीवर झोपले होते. पण त्यांची एक रीत होती. नाही म्हणायचं तर कारण सांगायचे नाहीत, आणि हो म्हणायचं तर अर्धंच म्हणायचे. त्या अर्ध्या हो-वर आमच्या घरातल्या बायकांनी जन्म काढले.

अकरावी-बारावीच्या सुमारास ढुमणे सर एका संध्याकाळी घरी आले. नागपुरात चित्रकलेची एक शाळा होती, तिचं नाव इथे लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. तिथे प्रवेशासाठी परीक्षा असायची. एक दिवस चित्र काढायचं, दुसऱ्या दिवशी तोंडी. सरांनी बाबांना समजावून सांगितलं की चित्र काढण्यात पोरगी कुठे कमी पडणार नाही, पण तोंडी परीक्षेत नावाजलेली चित्रं समोर ठेवतात आणि त्यांच्याबद्दल विचारतात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मंदे, तुले काढता येते, पाहता येत नाही. पाह्यणं शिकावं लागते.’’ त्यासाठी एक पुस्तक होतं. कलेचा इतिहास आणि चित्र कसं पाहावं, हे अगदी नवशिक्याला समजेल असं मराठीत सांगणारं. सरांनी शिकताना ते कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलं होतं. ‘‘दोन खंड आहेत,’’ सर म्हणाले. ‘‘एकात मजकूर, दुसऱ्यात चित्रं. दोन्ही पाहिजेत.’’ बाबा म्हणाले, ‘‘काकाले विचारून पाहा.’’ काका ताटावर होते. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘‘बसू द्या परीक्षेले. लागली तं मंग पाहू.’’

काका पुढच्या आठवड्यात कापसाच्या कामाने नागपूरला गेले आणि पुस्तक घेऊन आले. मी धावत गेले. कागद सोडला तर आत बी.ए. पहिल्या वर्षाचं गाईड, विषय इतिहास. दुकानात जाऊन त्यांनी ‘कलेचा इतिहास द्या’ असं सांगितलं होतं, आणि दुकानदाराने कला शाखेचा इतिहास दिला. मी म्हटलं, ‘‘काका, हे नाही.’’ काका म्हणाले, ‘‘कला लिहेल हाय, इतिहास लिहेल हाय. आणखीन काय पाह्यजे तुले?’’ आई तोंडाला पदर लावून हसली. मलाही तेव्हा हसू आलं होतं. त्या गाईडने पुढे माझा केवढा सूड घ्यायचं ठरवलं होतं ते तेव्हा कुठे माहीत होतं. मी हट्टाला पेटले, दोन दिवस जेवले नाही, आणि शेवटी काका म्हणाले, ‘‘चाल बाप्पा, तूच पाह्यून घे.’’ आपलं पुस्तक आपण निवडायला जाणारी मी आमच्या घरातली पहिली मुलगी.

नागपूरचं ते दुकान मला आजही तसंच दिसतं. बोळासारखं लांब, दोन्हीकडे छताला लागलेली पुस्तकं, मध्ये एका माणसापुरती वाट. दुकानदार चष्म्यातून माझ्याकडे न बघता काकांकडे बघूनच बोलत होता. त्याने समोर पुस्तकं टाकली. एक इंग्रजी, उखळीएवढं जड. एक पातळ, त्यात पोपट, कमळ आणि झोपडी पायरीपायरीने कशी काढायची ते. काकांना ते फार पसंत पडलं. ‘‘हे पाह्य, मंदे, पोपट कसा निघते,’’ म्हणत ते पानं उलटू लागले. मी म्हटलं, ‘‘पोपट मला येतो.’’ मग दुकानदाराने मागून ते दोन खंड काढले. राखाडी कापडी बांधणी, एक जाड, एक बारका. मी बारका उघडला. आत गुळगुळीत कागद, एका पानावर एकच चित्र, खाली आकडा आणि नाव, बाकी शब्द नाही. पहिल्या पानावर गुहेतल्या भिंतीवरचा बैल होता. आमच्या पोळ्यातल्या बैलापेक्षा जिवंत. मी पान उलटायला भीत होते, कारण उलटलं की ते चित्र जाणार. मी अशी रेंगाळले नसते, भराभर पुढे गेले असते, तर निदान बारा नंबरच्या चित्रापर्यंत पोचले असते. हा हिशेब मी अजून करते आणि दरवेळी स्वतःवर नाही, काकांवरच चिडते.

कारण तेवढ्यात काकांनी तो खंड माझ्या हातातून घेतला आणि मधोमध उघडला. तिथे कुठल्याशा देवळाच्या भिंतीवरची दगडी बाई होती, अंगावर दागिने आणि बाकी काही नाही. काकांचे कान लाल झाले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि दुकानदाराला म्हणाले, ‘‘हे नोको. हे जाडं द्या.’’

दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, सेट आहे तो. तुटत नाही.’’

‘‘बैलजोडीतला बी एक इकतेत लोकं,’’ काका म्हणाले. ‘‘घरात पोरी हायेत आमच्या. हे कुठं ठेवाचं?’’

‘‘काका, सरांनी दोन्ही सांगितलेत,’’ मी म्हटलं. माझा आवाज दुकानात मोठा निघाला असावा, कारण मागच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘जाड्यात समदं लिहेल हाय न? मंग वाच. अभ्यास वाचूनच होते.’’

घरात पोरी आहेत. ती पोरगी मी होते, त्या पुस्तकासाठीच आले होते, आणि दर महाशिवरात्रीला आम्ही सगळे ज्या हेमाडपंती देवळात जायचो तिथल्या भिंतीवर अशाच बाया होत्या, रांगेने. काका लहान पोरींना खांद्यावर घेऊन त्यांच्यासमोरून प्रदक्षिणा घालायचे आणि देवाच्या दारात डोळे मिटून उभे राहायचे. दगडावर चालत होतं, कागदावर चालत नव्हतं. हे त्या दुकानात माझ्या तोंडावर आलं होतं आणि मी गिळलं. दुकानदाराने कुरकुरत जोडी फोडली. बारका खंड पुन्हा मागच्या फळीवर गेला. परतीच्या एस.टी.त काकांनी मला शेंगदाणे घेऊन दिले. मी ते मुठीत धरून बसले, वणीपर्यंत एकही खाल्ला नाही. काकांना वाटलं, गाडी लागली.

मग हिवाळाभर मी कापसाच्या ढिगाला पाठ लावून ते पुस्तक वाचलं. लिहिणाऱ्याची भाषा इतकी सोपी होती की समोर बसून बोलतोय असं वाटायचं. फक्त दर दोन परिच्छेदांनी तो म्हणायचा, आकृती चार पाहा. आकृती नऊ पाहा. कुठे पाहू? मला त्या ‘पाहा’ शब्दाची चीड यायला लागली. आंधळ्याला वाट दाखवताना तिकडे बघ म्हणावं तसं ते होतं. ढुमणे सरांना सांगावं तर त्यांची दिवाळीनंतर पुसदकडे बदली झाली होती. गावात असं दुसरं पुस्तक नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी ठरवलं की जे दाखवलं नाही ते आपण काढायचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मजकूर वाचून वाचून, एकेक आकृती मी मनाने काढली.

त्यातली बारावी माझी सगळ्यात लाडकी. वाट पाहणारी नायिका. लिहिणाऱ्याने तिच्यावर पान-दोन पानं लिहिली होती, पण ती दिसते कशी याचा एक शब्द नाही. बरोबरच आहे, चित्र समोर असताना वर्णन कोण करेल. त्याने लिहिलं होतं की या चित्रातलं सगळं वाट पाहणं रिकाम्या जागेत आहे, आणि नवशिक्याने आधी ती जागा बघायला शिकावं. आता आमच्या शाळेत रिकामी जागा म्हणजे काय, तर भाषेच्या पेपरातला पहिला प्रश्न. रिकाम्या जागा भरा. रिकामी जागा दिसली की ती भरायची असते, सोडली की गुण जातात, हे पहिलीपासून अंगात मुरलेलं. मी ती भरली. नायिका कागदभर मोठी काढली, डोळे दाराकडे लावलेले, आणि तिच्या भोवती जिथे जिथे कोरं दिसलं तिथे रांजण, डाळिंबाचं झाड, पिंजऱ्यातला पोपट, वर ढग, खाली वेलबुट्टी. आईने येता-जाता पाहिलं आणि म्हणाली, ‘‘माय व, किती भरगच्च काढलं.’’ त्या शब्दाने मला केवढा आनंद झाला होता.

परीक्षेचा पहिला दिवस चांगला गेला. चित्र काढलं, पाहणारे थांबून पाहून गेले. दुसऱ्या दिवशी तोंडी. काका बाहेर बाकावर बसले होते, मला आत बोलावलं. टेबलामागे दोघे, एक वयस्क गृहस्थ आणि एक बाई. बाईंनी माझ्यासमोर एक चित्र ठेवलं. मोठाच्या मोठा पिवळा पट्टा, गच्चीचा कठडा म्हणून एक रेघ, आणि अगदी कोपऱ्यात एक लहानशी बाई, आपल्याकडे पाठ करून. बाकी काही नाही. ‘‘काय दिसतंय?’’ त्यांनी विचारलं. मी नीट पाहिलं, कारण सर म्हणाले होते पाहायला शिक. आणि खरं खरं सांगितलं. ‘‘हे चित्र पूर्ण झालेलं नाही. चेहरा काढायचा राहिला आहे, आणि जागाही भरायची राहिली आहे.’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गृहस्थ भले होते, त्यांना मला संधी द्यायची होती. म्हणाले, ‘‘असू दे. तुम्ही काही वाचलंय का? वाट पाहणाऱ्या नायिकेचं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्याबद्दल सांगता येईल?’’ माझा जीव भांड्यात पडला. मी सुरू झाले. रिकाम्या जागेतलं वाट पाहणं, रेघेतला संयम, नवशिक्याने आधी काय बघायला शिकावं, ती दोन पानं मी अडखळल्याशिवाय म्हणून दाखवली.  मग बाईंनी ते पिवळं चित्र बोटाने माझ्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, हेच ते.’’

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. गृहस्थांनी विचारलं, ‘‘तुम्ही चित्र न पाहताच पाठ केलंत का?’’ मी म्हटलं, ‘‘दुसरा खंड नव्हता.’’ त्यांना ते समजलं नाही, आणि मी खुर्ची मागे सारून उठले.

बाहेर आले तर काका उभे राहिले. ‘‘झाली? काय इचारलं?’’ मी म्हटलं, ‘‘त्यांनी जे विचारलं ते दुसऱ्या खंडात होतं.’’ आणि त्या व्हरांड्यात, आयुष्यात पहिल्यांदा, मी काकांवर ओरडले. म्हटलं, तुम्ही मला आंधळी करून परीक्षेला पाठवलं. तुम्ही वाचायला दिलं आणि पाहायचं ठेवून घेतलं. बाकीच्या मुलांचे आईबाप बघत होते. काकांनी ऐकून घेतलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘‘चाल, एस.टी. चुकन.’’ एवढंच. निकाल लागला, माझं नाव नव्हतं. काका ताटावर म्हणाले, ‘‘पोरीच्या जातीले नागपूरले ठेवणं तसं बी कठीणच होतं.’’ बाबा भाकरीकडे बघत राहिले. आईने माझ्या ताटात सोल्याची भाजी आणखी वाढली, जशी काही मला भूक लागली होती.

पुढे मी कुठे गेले असेन? कला शाखेला. वणीच्या कॉलेजात, बी.ए., विषय इतिहास. काकांनी आणलेलं ते गाईड फळीवर तयारच होतं. त्याच गाईडवर मी पहिल्या वर्गात आले, आणि काका चारचौघांत सांगायचे की मी पोरीसाठी आणेल पुस्तक वाया गेलं नाही. मग नोकरी, लग्न, लोहारा गावाच्या बाजूला घर, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त झाले. वाईट चाललं असं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण रिकाम्या जागा भरा हा प्रश्न मी माझ्या वर्गाच्या एकाही पेपरात टाकला नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, मी उत्तर दिलं नाही. कारण न सांगता नाही म्हणायला मी घरूनच शिकले होते.

गेल्या वर्षी काकांची नात, रेवा, चित्रकलेला जायचं म्हणाली. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. आता काळ बदलला आहे म्हणे. तिने मला फोन केला. ‘‘आत्या, सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ? फोनवर तर ढीगभर दाखवून राह्यले.’’ मी सांगितलं, नावं राहू दे, लिहिणारा किती मोठा आहे तेही राहू दे. जे पुस्तक ‘पाहा’ म्हणेल आणि त्याच पानावर दाखवेल, तेवढंच घे. चित्रासाठी पान उलटावं लागत असेल तरी घेऊ नको. ती हसली. तिला वाटलं, आत्याचा विक्षिप्तपणा. पण घेतलं तसंच, मोठं, रंगीत, आणि मला दाखवायला म्हणून मारेगावला बोलावलं.

काका आता नव्वदीला टेकलेत. समोरच्या खोलीत, जिथे कापूस भरायचा तिथे, त्यांची खाट आहे. कानात मशीन आहे, ते मनात येईल तेव्हा चालतं. रेवाने पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडलं आणि नेमकं ते पिवळं चित्र आलं. मी ते नंतर पुष्कळदा पाहिलं आहे, शोधून शोधून पाहिलं आहे. काका वाकून बघत राहिले. म्हणाले, ‘‘एवढी जागा रिकामीच काहून सोडली यानं?’’

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं. की ती बाई किती लहान आहे ते बघ, आणि ज्याची वाट बघते तो किती लांब आहे ते त्या पिवळ्यात बघ. चेहरा दाखवला असता तर आपण चेहराच बघत बसलो असतो. रेवाने पुस्तक जवळ ओढलं आणि पाहायला लागली. तिला दिसलं, ते मला तिच्या तोंडावरून कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला.

काका कौतुकाने म्हणाले, ‘‘मंदेले बरंच समजते बाप्पा. तुले तं लय नाद होता न चित्राचा. मंग सोडून काहून देल्लं तू?’’

‘‘म्या नाही सोडलं, काका,’’ मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की आतून रेवाची आई बाहेर आली. ‘‘तुम्ही मले अर्धंच पुस्तक घेऊन देल्लं होतं.’’

काकांनी कानाला हात लावला, मशीन हलवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘हो न,’’ ते रेवाला म्हणाले. ‘‘म्याच घेऊन देल्लं होतं. नागपूरले नेऊन. हिचं पयलं पुस्तक म्या घेऊन देल्लं.’’